समीकरण पाठ करू नकोस, तयार कर

प्रश्न : मी जुळे सोलापूरला राहते, मराठी माध्यमात दहावीला आहे. विज्ञान भाग १ च्या पेपरला तीन आठवडे राहिलेत. विद्युतधारा, भिंगं यांची गणितं सुटतात. पण रसायनशास्त्राची चार प्रकरणं आज वाचली की परवा पाटी कोरी. समीकरणं वीस-वीस वेळा लिहून काढली, तरी संतुलित करताना शेवटी ऑक्सिजन अडतोच. ऑक्सिडक कोण आणि क्षपणक कोण, हे दर चाचणीत उलटं होतं. चुन्याची निवळी दुधाळ होऊन पुन्हा स्वच्छ का होते? आवर्तात डावीकडून उजवीकडे इलेक्ट्रॉन वाढतात, मग अणू लहान कसा होतो? भाजणं आणि निस्तापन यांत नेमका फरक काय? कार्बनी संयुगांची नावं तर चुकतातच. आणखी एक. मामांची सांगोल्याला डाळिंबाची बाग आहे. बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीवरचं फवारणीचं औषध, करताना ते त्यात विळा बुडवून बघतात. पुस्तकातल्या मोरचूद आणि खिळ्याच्या प्रयोगाशी त्याचा काही संबंध आहे का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : प्रिय विद्यार्थिनी, तुझे प्रश्न चांगले आहेत, कारण प्रत्येकात कुठे अडतं ते तू नेमकं सांगितलं आहेस. पण आधी त्या वीस वेळा लिहिण्याबद्दल बोलू, कारण निम्म्या अडचणी तिथूनच सुरू होतात. पाठ केलेल्या समीकरणातला एक आकडा विसरला की तो परत मिळवायला वाटच उरत नाही. स्वतः तयार केलेल्या समीकरणात चूक झाली, तर अणू मोजले की ती सापडते. म्हणून हे लिहून काढणं आजपासून बंद कर आणि तो वेळ संयुजांना, म्हणजे अणू किंवा गट किती जोडण्या करू शकतो त्या आकड्यांना, दे.

पाठ करायची यादी फार छोटी आहे. संयुजा १ : हायड्रोजन, सोडियम, पोटॅशियम, चांदी, अमोनियम. संयुजा २ : मॅग्नेशियम, कॅल्शियम, बेरियम, जस्त, फेरस लोह, क्युप्रिक तांबं. संयुजा ३ : अ‍ॅल्युमिनिअम आणि फेरिक लोह. ऋण बाजूला १ ची क्लोराइड, हायड्रॉक्साइड, नायट्रेट, बायकार्बोनेट. २ ची ऑक्साइड, सल्फाइड, सल्फेट, कार्बोनेट. ३ चं फॉस्फेट. एवढं तोंडपाठ असलं की दहावीच्या पुस्तकातली बहुतेक क्षारांची सूत्रं तिरकस गुणाकाराने स्वतः लिहिता येतात. अ‍ॅल्युमिनिअम ३, सल्फेट २. म्हणून अ‍ॅल्युमिनिअम दोन आणि सल्फेट तीन. इथे कंस महत्त्वाचा. कॅल्शियम हायड्रॉक्साइडला वर्गात आपण ‘सीए ओएच ट्वाइस’ म्हणतो त्यातलं ‘ट्वाइस’ कंसाबाहेरचं आहे, म्हणजे ऑक्सिजनही दोन आणि हायड्रोजनही दोन. कंस न घालता शेवटी २ लिहिलास तर ऑक्सिजन एकच उरतो, आणि पुढे तू कितीही मोजलंस तरी समीकरण जुळणार नाही. ‘ऑक्सिजन अडतो’ म्हणणाऱ्या मुलांच्या वह्या पाहिल्या तर पुष्कळदा संतुलन बरोबर केलेलं असतं आणि सूत्रच चुकलेलं असतं. तेव्हा अडलीस की आधी सूत्रं तपास, मग आकडे.

दुसरी सवय म्हणजे दोन-दोन अणूंनी राहणाऱ्या मूलद्रव्यांची. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ही सात मूलद्रव्यं एकटी असताना दोन अणूंच्या रेणूत लिहायची. जस्त आणि हायड्रोक्लोरिक आम्लातून निघणाऱ्या हायड्रोजनखाली २ लिहिला, की आम्लाच्या आधी २ का लागतो ते आपोआप दिसतं.

आता ऑक्सिजन. मोजायचा क्रम ठरवून टाक : पहिल्यांदा धातू, मग कार्बन, गंधक यांसारखे अधातू, मग हायड्रोजन, आणि ऑक्सिजन सगळ्यात शेवटी. तो बहुधा एकापेक्षा जास्त पदार्थांत असतो, त्यामुळे त्याला आधी हात लावलास तर नंतरचा प्रत्येक बदल त्याला पुन्हा बिघडवतो.

इथेनॉलच्या ज्वलनावर हे करून बघू, कारण नेहमीची चूक त्यात स्पष्ट दिसते. इथेनॉलच्या एका रेणूत कार्बन २, हायड्रोजन ६, ऑक्सिजन १. कार्बन २ आहेत म्हणून उजवीकडे कार्बन डायऑक्साइडचे २ रेणू. हायड्रोजन ६ आहेत म्हणून पाण्याचे ३ रेणू. आता उजवीकडचा ऑक्सिजन मोज : कार्बन डायऑक्साइडमध्ये ४, पाण्यात ३, एकूण ७. इथे मुलं घाईने साडेतीन ऑक्सिजन लिहितात. पण ७ पैकी १ अणू इथेनॉलमध्येच आहे. हवेतून ६ च लागतात, म्हणजे ऑक्सिजनचे ३ रेणू. इंधनाच्या रेणूतला ऑक्सिजन वजा करायला विसरणं ही या प्रकारातली सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

कधी कधी मात्र अर्धा आकडा खरोखर येतो. स्वयंपाकाच्या गॅसमधला ब्युटेन घे : कार्बन ४, हायड्रोजन १०. उजवीकडे कार्बन डायऑक्साइड ४, पाणी ५, ऑक्सिजन एकूण १३. म्हणजे साडेसहा रेणू. घाबरू नकोस, सगळ्या समीकरणाला २ ने गुण. ब्युटेन २, ऑक्सिजन १३, कार्बन डायऑक्साइड ८, पाणी १०. झालं.

अ‍ॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल यांसारख्या लांबलचक समीकरणात सल्फेट दोन्ही बाजूंना जसंच्या तसं राहतं. अशा वेळी गंधक वेगळा, ऑक्सिजन वेगळा मोजत बसू नकोस. सल्फेटचा अख्खा गट एक म्हणून मोज. उजवीकडे सल्फेट ३, म्हणून आम्ल ३. अ‍ॅल्युमिनिअम २, म्हणून हायड्रॉक्साइड २. हायड्रोजन डावीकडे ६ आणि ६ मिळून १२, म्हणून पाणी ६. शेवटी पडताळा म्हणून ऑक्सिजन मोजलास तर दोन्हीकडे १८ भरतो.

सूत्रातला खालचा आकडा कधीही बदलायचा नाही, हे तुला माहीत असेलच. तरी कारण लक्षात ठेव : पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली २ लिहिलास तर ते हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. समीकरण जुळलेलं दिसेल, पण ते दुसऱ्याच अभिक्रियेचं असेल.

ऑक्सिडक आणि क्षपणक उलटे होतात, कारण दोन वेगळे प्रश्न तू एकत्र विचारतेस. पदार्थाचं स्वतःचं काय झालं, हा एक प्रश्न. त्याने समोरच्याचं काय केलं, हा दुसरा. तापवलेल्या काळ्या कॉपर ऑक्साइडवरून हायड्रोजन सोडला की तांबं आणि पाणी मिळतं. कॉपर ऑक्साइडने ऑक्सिजन गमावला, म्हणजे त्याचं क्षपण झालं. गमावलेला ऑक्सिजन त्याने हायड्रोजनला दिला, म्हणून तो ऑक्सिडक. हायड्रोजनने ऑक्सिजन घेतला, त्याचं ऑक्सिडीकरण झालं. आणि दुसऱ्याचा ऑक्सिजन काढून घेतला म्हणून तो क्षपणक. वहीत दोन रकाने आख, ‘स्वतःचं काय झालं’ आणि ‘दुसऱ्याचं काय केलं’. एकाच पदार्थापुढे दोन रकान्यांत नेहमी विरुद्ध शब्द यायला हवेत. ‘क्षपण’ आणि ‘क्षपणक’ एकाच ओळीत आले तर तिथेच थांब, चूक झाली आहे. मँगनीज डायऑक्साइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लापासून क्लोरीन मिळतो, ते समीकरण घेऊन आजच हे रकाने भरून बघ. उत्तर असं यायला हवं : आम्लाचं ऑक्सिडीकरण, मँगनीज डायऑक्साइडचं क्षपण.

ऑक्सिजन आणि हायड्रोजन दोन्ही नसले तर इलेक्ट्रॉनकडे बघायचं. इलेक्ट्रॉन गेले की ऑक्सिडीकरण, आले की क्षपण. आणि इथेच मामांचा विळा येतो.

हो, संबंध आहे, आणि अगदी थेट आहे. एक टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद १ किलो, चुना १ किलो आणि पाणी १०० लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करतात. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते चुन्याच्या निवळीसारख्या अल्कलीत मिसळलं की तांबं हायड्रॉक्साइडच्या रूपात आकाशी निळ्या अवक्षेपात बसतं आणि कॅल्शियम सल्फेट तयार होतं. प्रत्यक्षात तिथे तांब्याची आणखी गुंतागुंतीची संयुगंही बनतात, पण दहावीच्या पातळीवर ही दुहेरी विस्थापन अभिक्रिया. चुना पुरेसा असेल तर पाण्यात मोकळे तांब्याचे आयन जवळपास उरत नाहीत. चुना कमी पडला किंवा जुना, मेलेला असला तर ते उरतात, आणि असं मिश्रण फवारलं की पानं करपतात. म्हणून घासून लख्ख केलेला विळा मिनिटभर बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, अजून चुना घालायचा आणि पुन्हा तपासायचं. पातं स्वच्छ राहिलं तर मिश्रण फवारायला हरकत नाही.

तो तांबूस थर म्हणजे पुस्तकातल्या खिळ्यावरचाच थर. लोह तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील आहे. लोहाचा अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन द्रावणात जातो, तांब्याचा आयन तेच दोन इलेक्ट्रॉन घेऊन धातू म्हणून पात्यावर बसतो. लोहाचं ऑक्सिडीकरण, तांब्याच्या आयनांचं क्षपण. याच कारणाने मोरचूद लोखंडी बादलीत भिजवत नाहीत. मामांकडे कळीचा चुना विरवत असतील तर तेही नीट बघ : पाणी टाकताच पिंप तापतं, वाफ येते, ती कॅल्शियम ऑक्साइड आणि पाण्याची संयोग अभिक्रिया, उष्मादायी. म्हणजे एका फवारणीच्या तयारीत संयोग, दुहेरी विस्थापन आणि विस्थापन अशा तीन अभिक्रिया तुला समोर दिसतात. फक्त चुना विरत असताना पिंपावर वाकू नकोस. उडालेला चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते.

शाळेत हा प्रयोग फसतो तो बहुधा खिळ्यामुळे. नव्या खिळ्यावर तेलाचा पातळ थर असतो, जुन्यावर गंज. पॉलिश पेपरने चकचकीत घासून घेतला तर अर्ध्या तासात थर नीट दिसतो, आणि निळं द्रावण हळूहळू फिकट हिरवट होतं. तो हिरवट रंग फेरस सल्फेटचा. इथे फेरिक सल्फेट लिहू नकोस. विस्थापनात लोह दोनच इलेक्ट्रॉन देतं.

चुन्याच्या निवळीचा प्रश्न म्हणजे एकामागून एक होणाऱ्या दोन अभिक्रिया. निवळीत विरघळलेलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतं. कार्बन डायऑक्साइड आला की न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट बनतं, त्याचे बारीक कण तरंगतात, पाणी दुधाळ दिसतं. वायू येतच राहिला तर कॅल्शियम कार्बोनेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड मिळून कॅल्शियम बायकार्बोनेट होतं. ते विरघळतं, म्हणून दुधाळपणा जातो. उत्तरात ‘जास्त वायू सोडल्यास’ हे शब्द आणि दुसरं समीकरण दोन्ही यायला हवं. पुष्कळ मुलं पहिल्यावरच थांबतात.

घरी करायचं तर पेलाभर पाण्यात पानाचा चुना हरभऱ्याएवढा ढवळ, तीन-चार तास हलवू नकोस, वरचं नितळ पाणी अलगद दुसऱ्या पेल्यात ओत. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो, लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅमच. खाली साका राहणारच. स्ट्रॉने हळू फुंकलंस की लवकरच ते दुधाळ होईल. फुंकायचं, ओढायचं नाही. पण फुंकून ते पुन्हा नितळ होईल अशी आशा ठेवू नकोस. पूर्ण ताकदीच्या निवळीत इतकं कार्बोनेट तयार होतं की सगळं बायकार्बोनेट होऊन विरघळणं अवघड असतं, आणि उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड चारेक टक्केच. शाळेच्या प्रयोगशाळेत ही दुसरी पायरी बघायची तर निवळीत तिच्या तिप्पट पाणी घालून ती आधी पातळ करावी, आणि शहाबादी फरशीच्या तुकड्यांवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून निघालेला वायू नळीने त्यात सोडावा. बाईंना ही युक्ती सांग; प्रयोग ‘पुस्तकाप्रमाणे होत नाही’ म्हणून सोडून दिला जातो, तो असा होतो.

हेच समीकरण उलटं फिरवलं की आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याची गोष्ट कळते. अशा पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट असतं. तापवलं की त्याचं अपघटन होऊन पुन्हा कार्बोनेट खाली बसतं; गिझरच्या कॉइलवरचा पांढरा टणक थर तोच. आणि साबणाला फेस येत नाही त्याचं कारणही तेच कॅल्शियम : ते साबणातल्या मेदाम्लाशी मिळून न विरघळणारा क्षार बनवतं, बादलीच्या कडेला पांढरट मळ दिसतो तो. हा प्रश्न कार्बनी संयुगांच्या प्रकरणात विचारला तरी उत्तर इथूनच येतं.

शहाबादी फरशीचा उल्लेख आला म्हणून अभिक्रियेच्या दराबद्दल दोन ओळी. फरशी म्हणजे चुनखडक. समान वजनाचा तुकडा आणि चुरा घेतला, तर चुऱ्यावर आम्ल टाकताच जोरात फसफसतं, कारण आम्लाला भिडणारं पृष्ठफळ जास्त. उत्तरात ‘कण लहान म्हणून वेग जास्त’ एवढ्यावर थांबू नकोस, पृष्ठफळ हा शब्द आणलाच पाहिजे. उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेऊनही शेवटी जसाच्या तसा उरतो, म्हणून पोटॅशियम क्लोरेटच्या अपघटनात मँगनीज डायऑक्साइड बाणाच्या वर लिहायचा, अभिकारकांत बेरीज करून नाही.

अणूच्या आकाराचं उत्तर असं. अणूला आत ओढणारी गोष्ट केंद्रकातला धनप्रभार आहे, आणि अणू किती पसरेल ते कवचांच्या संख्येवर ठरतं. दुसऱ्या आवर्तात, म्हणजे आवर्तसारणीच्या दुसऱ्या आडव्या ओळीत, लिथिअमपासून ऑक्सिजनपर्यंत जाताना इलेक्ट्रॉन वाढतात खरे, पण ते त्याच दुसऱ्या कवचात भरले जातात. नवं कवच येत नाही. केंद्रकात मात्र प्रत्येक पायरीला एक प्रोटॉन वाढतो, ओढ वाढते, कवच आत येतं. पुस्तकातल्या त्रिज्या पाहा : लिथिअम १५२ पिकोमीटर, बेरिलिअम १११, बोरॉन ८८, कार्बन ७७, नायट्रोजन ७४, ऑक्सिजन ६६. पहिल्या गणात, म्हणजे पहिल्या उभ्या स्तंभात, खाली गेलं की दर वेळी नवं कवच येतं, म्हणून लिथिअम १५२, सोडियम १८६, पोटॅशियम २३१. धातुगुण, अधातुगुण यांची कारणंही याच दोन गोष्टींतून निघतात : बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब आणि सैल असेल तर तो सहज जातो, म्हणजे धातू.

गण आणि आवर्त ओळखायला इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन आहेत ते, पुरतं. २, ८, ७ म्हणजे तीन कवचं, तिसरं आवर्त. संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे बाहेरच्या कवचातले, ७, त्यात १० मिळवले की गण १७. संयुजा इलेक्ट्रॉन १ किंवा २ असतील तर मात्र १० मिळवायचे नाहीत. तोच गणाचा अंक. हेलिअम तेवढा अपवाद, इलेक्ट्रॉन दोन असूनही गण १८.

भाजणं आणि निस्तापन यांत धातुक, म्हणजे ज्यातून धातू काढतात ते खनिज, कोणतं आहे ते बघ, बाकी सगळं त्यातून सुटतं. सल्फाइड असेल तर गंधक घालवायला ऑक्सिजन लागतो, म्हणून भरपूर हवेत तापवायचं, सल्फर डायऑक्साइड निघतो : ते भाजणं. कार्बोनेट असेल तर नुसत्या उष्णतेने कार्बन डायऑक्साइड निघून जातो, हवा बेताची चालते : ते निस्तापन. जस्ताचं सल्फाइड असो की कार्बोनेट, दोन्ही वाटा झिंक ऑक्साइडला येऊन मिळतात आणि तिथून पुढे कार्बनने क्षपण. परीक्षेत दोन्ही समीकरणं लिही, फरक आपोआप स्पष्ट होतो.

अ‍ॅल्युमिनिअमला ही कार्बनची वाट का चालत नाही? कारण ऑक्सिजनवर त्याची पकड फार घट्ट आहे. इतकी, की ते आयर्न ऑक्साइडमधूनही ऑक्सिजन हिसकावून घेतं. थर्मिट अभिक्रिया ती हीच, रुळांचे सांधे हिने जोडतात. म्हणून अ‍ॅल्युमिनासाठी, म्हणजे त्याच्या ऑक्साइडसाठी, विद्युत अपघटन. शुद्ध अ‍ॅल्युमिना २००० अंश सेल्सिअसच्या वर वितळतो. क्रायोलाइट आणि फ्लोरस्पार ही खनिजं घातली की मिश्रण १००० अंशांच्या आसपास वितळतं आणि वीजही चांगली वाहते. ‘क्रायोलाइट द्रवणांक कमी करण्यासाठी’ हे लिहितेस तेव्हा हे दोन आकडेही लिही. धनाग्रं ग्रॅफाइटची असतात, तिथे निघणारा ऑक्सिजन तापलेल्या कार्बनशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड होतो, धनाग्र झिजतं. म्हणून ती वेळोवेळी बदलावी लागतात. हा प्रश्न लाडका आहे. तयार ठेव.

क्षरण, म्हणजे धातूचं गंजणं, रोखायच्या पद्धती घरातल्या वस्तूंना जोडून ठेव. पत्र्यावर जस्त, पितळी पातेल्याला कथिलाची कल्हई. यापलीकडे त्यात अवघड काही नाही.

कार्बनी संयुगांच्या नावात तुझी चूक कुठे होते ते तू लिहिलेलं नाहीस, पण बहुतेकांची एकाच जागी होते. कार्बोक्सिलिक आम्लाच्या क्रियात्मक गटातला, म्हणजे संयुगाला त्याचे गुणधर्म देणाऱ्या अणुगटातला, कार्बन मोजायचा राहतो. मिथिल, मग एक कार्बन, मग आम्लगट अशी साखळी दिसली की मुलं दोनच कार्बन धरून इथेनॉइक आम्ल लिहितात. गटातला कार्बन धरून ते तीन आहेत, म्हणून प्रोपेनॉइक. अल्डिहाइड आणि कीटोनमध्येही तसंच. आणि आकडे द्यायचे ते क्रियात्मक गटाला लहान अंक मिळेल त्या टोकाकडून, डावीकडूनच असं नाही. आम्लगट नेहमी टोकाला असल्यामुळे त्याला अंक लिहावा लागत नाही, पण प्रोपेनॉलमध्ये हायड्रॉक्सिल गट मधल्या कार्बनवर आहे की टोकाच्या, हे अंकाशिवाय कळणार नाही. दहा सूत्रं घे, प्रत्येकात कार्बनांवर पेन्सिलीने १, २, ३ घाल, मग नाव लिही. आठ दिवस रोज असं केलंस तर हा भाग सुटेल.

इथेनॉल कसं मिळतं हा प्रश्न आला तर आपल्या जिल्ह्यातले साखर कारखाने आठव. उसाच्या रसातून साखर काढल्यावर उरते ती मळी. यीस्टमधलं इन्व्हर्टेज विकर मळीतल्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं, झायमेज त्यांचं इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. ग्लुकोजच्या एका रेणूपासून दोन इथेनॉल आणि दोन कार्बन डायऑक्साइड. सूत्रं लिहून मोजलीस तर कार्बन ६, हायड्रोजन १२, ऑक्सिजन ६ नेमके जुळतात.

शास्त्रीय कारणांना दोन गुण असतात आणि तिथे एका ओळीचं उत्तर कमी पडतं. ‘सोडियम केरोसिनमध्ये ठेवतात, कारण ते क्रियाशील आहे’ हे खोटं नाही, पण अपुरं आहे. क्रियाशील आहे तर केरोसिनच का, हे त्यात आलंच नाही. असं लिही : सोडियम नेहमीच्या तापमानालाच हवेतल्या ऑक्सिजनशी आणि बाष्पाशी तीव्र अभिक्रिया करतं आणि पेट घेऊ शकतं. केरोसिनशी त्याची अभिक्रिया होत नाही, आणि केरोसिनपेक्षा ते जड असल्याने त्यात बुडून राहतं, हवेचा संपर्क येत नाही. यात धर्म आला, धोका आला आणि उपाय का चालतो तेही आलं. पुस्तकातली सगळी शास्त्रीय कारणं या तीन तुकड्यांत मोडून लिहून काढ. कुठला तुकडा सुचत नाही तेवढंच पुन्हा वाच. समीकरण देता येत असेल तर संतुलित करून दे आणि अवस्था लिहायला विसरू नकोस, विशेषतः जलीय द्रावणासाठी एक्यू. पाण्यासाठी मात्र एल, म्हणजे द्रव. या दोघांची अदलाबदल उत्तरपत्रिकेत फार होते.